तीनच्या पुढे न जाणारा काटा

ला शो-द-फाँ,
सोमवार, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

आदरणीय उगेतताईस,

धाकट्या न्यूमाचा उभ्याउभ्याच नमस्कार. वाकून करायचा होता, पण जुलैपासून माझी कंबर वाकायला तयार नसते आणि चुकून वाकलीच तर उठायला तयार नसते, तेव्हा कागदावरसुद्धा धोका पत्करत नाही. (कारण पुढे येईलच.) तुझी आणि भाऊजींची तब्येत ठीक असेल. भाऊजी अजून रोज सरोवरापर्यंत चालत उतरतात आणि वर येताना बस धरतात ना? धरू देत. त्यांच्या वयाला उतरण्याचा व्यायामही व्यायामच. इकडे क्लॅरेत बरी आहे आणि माझ्यासारख्या नवऱ्याबरोबर एकेचाळीस वर्षं काढूनही बरी आहे, यावरून तिच्या प्रकृतीची कल्पना यावी. या पत्रात मला तुझ्याकडे काहीही मागायचं नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण माझं प्रत्येक पत्र शेवटी मागणीवर येतं असं तू गेल्या नाताळच्या कार्डावर लिहिलं होतंस. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.

तर खुशाली अशी, की मला ‘लाल चार’ मिळालं. आता तू विचारशील लाल चार म्हणजे काय, आणि मी म्हणेन, तुला मी सेहेचाळीस पानांची पुस्तिका पाठवली होती तिचं काय झालं? (तिची पोच तू ‘पुस्तिका मिळाली, छपाई सुबक आहे’ एवढीच दिली होतीस. तेव्हा मला ते जरा लागलं होतं. आता दुसऱ्याच कारणाने लागतंय.) तरी पुन्हा सांगतो. आपल्या गावातल्या ओबेर-ग्राँजाँ कारखान्याने १९६२ साली एक मनगटी क्रोनोग्राफ काढला. फक्त बारा नग. नेहमीसारखाच: वेळ दाखवायला दोन काटे, बाजूला कळ, कळ दाबली की मधला लांब सेकंदकाटा धावायला लागतो, आणि उजवीकडच्या छोट्या तबकडीत आणखी एक काटा गेलेली मिनिटं मोजतो. विशेष इतकंच, की त्या छोट्या तबकडीत चारच्या आकड्यापाशी लालभडक रेघ आहे. पाचला नाही, दहाला नाही. चारला. कशासाठी, ते कोणत्याही कागदात नोंदलेलं नाही. (तूही लग्नाआधी तीन वर्षं त्याच कारखान्यात होतीस म्हणा, पण मुलींच्या खोलीत. तबकड्या पुसणाऱ्या पोरींना यातलं काय ठाऊक असणार, अशी माझी कालपरवापर्यंत समजूत होती. हे वाक्य मी खोडणार होतो. पण माझी समजूत किती वर्षं टिकली ते तुला कळावं म्हणून ठेवतोय.)

या लाल रेघेवरून आमच्या ‘जुन्या क्रोनोग्राफांचे मित्रमंडळ’ या संस्थेत बारा वर्षं भांडण चालू आहे. सभासद सात, मतं तीन. माझं मत असं, की हे तोफखान्यासाठी होतं. तोफ डागली की नळी थंड व्हायला चार मिनिटं लागतात. आमचे अध्यक्ष तेल व्विलमिएर औषधविक्रेते असल्यामुळे त्यांच्या मते ते डॉक्टरांसाठी होतं आणि रोग्याच्या तोंडात थर्मामीटर चार मिनिटं धरायचा असे. बाकीच्यांचं मत असं, की जेवायची वेळ झाली. अध्यक्षांकडे स्वतःचं एक लाल चार होतं आणि माझ्याकडे नव्हतं, म्हणून तोफा हरत होत्या. पण गेल्या वर्षी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अध्यक्ष आपलं घड्याळ कधीही चालू करून दाखवत नसत. मी भर सभेत उठून नम्रपणे विनंती केली. त्यांनी नाइलाजाने कळ दाबली, आणि सातही जण घड्याळाभोवती डोकी जमवून बसलो. छोटा काटा एकवर गेला, दोनवर गेला, तीनवर गेला आणि तिथेच बसला. सेकंदकाटा बिचारा गरागरा फिरतोय, आणि हा तीनवर ठाण मांडून. “यंत्र आजारी आहे वाटतं,” मी म्हणालो. “औषध नाही का काही दुकानात?” ताई, त्या वाक्याचा आनंद मी सहा महिने पुरवून पुरवून घेतला. त्याची किंमत आता भरतोय.

जूनमध्ये कळलं, की वरच्या पठारावर एका मळ्यात मादाम ब्वाला म्हणून एक म्हातारी राहते आणि तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लाल चार टांगलेलं आहे. मी दुसऱ्या दिवशी दारात. बाई पंच्याऐंशीच्या, एक घोडी, नऊ कोंबड्या, आणि खिळ्याला खरोखरच ते. मी विचारलं, याचं काय करता? “अंडी उकडते,” त्या म्हणाल्या. “अंडं पाण्यात टाकलं की कळ दाबायची. काटा तीनवर जाऊन थांबतो.” मी म्हटलं, मादाम, काटा थांबला तरी पाणी थोडंच थांबतं? तुम्ही वीस मिनिटांनी आलात तरी तो तीनच दाखवणार. “अंडं दगड होतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण घड्याळ तीन म्हणतंय ना? मग ते तीन मिनिटांचं अंडं.” त्यांचे कैलासवासी यजमान आरिस्त ब्वाला आपल्या त्याच कारखान्यात मुकादम होते आणि घड्याळ त्यांना तिथेच मिळालेलं. “ते म्हणायचे, या घड्याळाने मला नोकरीत कधी खोटं बोलायला लावलं नाही. काटा तीनवर, मी लिहिलं तीन.” मला हे म्हातारपणाचं असंबद्ध बोलणं वाटलं. मी मान डोलावली आणि घड्याळ विकत मागितलं.

विकणार नाही म्हणाल्या. पैशाला काय करायचंय, कोंबड्या पैसे खात नाहीत. मी अंड्यांसाठी तीन नवीकोरी घड्याळं नेऊन दाखवली. एक कोंबडीच्या आकाराचं होतं, ते पाहून त्या दुखावल्या. शेवटी तह झाला. त्यांचा गडी इस्पितळात होता आणि गवत कापून पडलं होतं. मी तीन शनिवार ते उलटून वाळवायला मदत करायची. ताई, मी पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. गवताळ प्रदेश या विषयावर माझे स्वतंत्र पाच तास असत. गवताळ प्रदेशाला उतार असतो, त्या उतारावर गांधीलमाश्या असतात आणि त्या भूगोल शिकवत नाहीत, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. पहिल्या शनिवारी मी गवत उलटलं. दुसऱ्या शनिवारी गवताने मला. तिसऱ्या शनिवारी माझी कंबर काटकोनात अडकली, आणि मला मादाम ब्वालांनी घोडीच्या गाडीत आडवं घालून बसथांब्यावर पोचवलं. बसमध्ये सगळे अदबीने बघत होते, कारण वाकलेल्या माणसाच्या मुठीत काहीतरी मौल्यवान आहे हे कोणालाही कळावं अशी ती मूठ होती. शिवाय गवतामुळे शिंका लागल्या, त्या सप्टेंबर संपेपर्यंत.

घरी येऊन कळ दाबली. एक, दोन, तीन. आणि बसला. तोच रोग.

मी घड्याळ एफ्राइम साँदोकडे नेलं. (तो म्हातारा घड्याळजी, चर्चमागे राहतो. त्याच्या हाताखालून गेलेलं घड्याळ त्याच्यापेक्षा जास्त बोलतं.) त्याने उघडलं, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “ही झीज नाही. मिनिटांच्या चाकाचा एक दात कुणीतरी कानशीने घासलाय. त्या दातापाशी आलं, की पुढचं ढकलणं नुसतं निसटतं. काय हात आहे रे. शेजारच्या दाताला ओरखडासुद्धा नाही. असंच राहू दे.” मी म्हटलं, असंच कसं राहू देऊ, रविवारी मंडळाचा पंचविसावा वाढदिवस आहे, माझं व्याख्यान आहे, अध्यक्षांसमोर माझा काटा चारवर गेला पाहिजे. तो म्हणाला, “माझं ऐक.” मी ऐकलं नाही. त्याने एका मोडक्या यंत्रातून चांगलं चाक काढून बसवलं आणि जुनं चाक कागदाच्या पुडीत बांधून दिलं. “हे जप,” म्हणाला. मी ते जपूनच ठेवणार होतो. घरी येऊन नीट पाहावं म्हणून पुडी नाकाजवळ उघडली आणि मला शिंक आली. ते चाक तिळाएवढं होतं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, खराबच तर होतं.

सप्टेंबरच्या त्या शेवटच्या रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. (सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड फुकट होतं.) कारखान्यातल्या जुन्या कामगारांच्या वतीने मादाम ओदील कालाम यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. तुला त्या आठवतीलच. तुमच्या खोलीतल्या थोरल्या. आता चौऱ्याऐंशीच्या, कान गेलेत, जीभ शाबूत. मी चाळीस मिनिटं तोफांवर बोललो. शेवटी घड्याळ उंच धरून कळ दाबली. अख्खं सभागृह चार मिनिटं गप्प बसलं (पाळक बोवांनासुद्धा हे कधी जमलेलं नाही), आणि काटा टकदिशी लाल रेघेवर गेला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांचा चेहरा त्यांच्याच दुकानातल्या एरंडेलासारखा झाला. त्या क्षणी मी सुखी होतो, ताई. हे नोंदवून ठेव, कारण तो क्षण तेवढाच होता.

टाळ्या थांबल्यावर मादाम कालाम काटा खाली ठेवून (सॅलडचा) मोठ्याने म्हणाल्या, “चारवर गेला?”

मी म्हटलं, गेला, मादाम.

“मग ते आमचं नाही.”

मी समजावलं, की तेच आहे, फक्त चाक नवीन घातलंय.

“म्हणजे मुख्य तेच काढून टाकलं,” त्या म्हणाल्या. “आणि तोफा कसल्या सांगतोस रे मास्तर? ते संडासाचं घड्याळ.”

पुढचं मी तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहून मोकळं व्हायचंय. त्या म्हणाल्या, ओबेरसाहेबांना वाटायचं की पोरी संडासात जाऊन वेळ काढतात. म्हणून त्यांनी बारा मुकादमांसाठी बारा घड्याळं बनवून घेतली. बाई आत गेली की मुकादमाने कळ दाबायची, लाल रेघेच्या पुढे काटा गेला की पगार कापायचा. “आणि ती घड्याळं जुळवायला दिली कुणाकडे? आमच्याकडेच,” मादाम कालाम म्हणाल्या. “साहेब हुशार होता, पण फार नव्हता.” बाराही घड्याळांचा तो एक दात घासला गेला. त्यानंतर कारखान्यात कुणीही बाई कितीही वेळ आत बसली, तरी तीन मिनिटांत बाहेर येत असे. साहेबांनी वार्षिक जेवणात भाषण केलं, की आमच्या कामगार स्त्रियांसारखी शिस्त अख्ख्या डोंगरमुलखात नाही. मुकादमांना कळलं नाही का, असं कुणीतरी विचारलं. “पहिल्याच दिवशी कळलं. पण बायकांच्या संडासाबाहेर घड्याळ घेऊन उभं राहायची त्यांनाच लाज वाटायची. ब्वाला तर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. काटा तीनवर, तो लिहायचा तीन.”

सभागृह इतकं हसलं, की एका आजीबाईंना बाहेर न्यावं लागलं. मीही हसत होतो. मग मी विचारलं, की दात घासले कुणी?

मादाम कालामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी पहिलीच्या वर्गात बसलोय. “तू पेरनूंचा ना? मग घरी विचार की.”

नंतर खुर्च्या उचलताना त्यांनी मला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. एक नवा मुकादम आला, त्याने खिशातलं स्वतःचं घड्याळही लावून पाहिलं आणि साहेबांकडे गेला. सगळ्या पोरींना रांगेत उभं केलं. कुणी केलं, एवढाच प्रश्न. आणि शेवटच्या स्टुलावरची एकवीस वर्षांची मुलगी पुढे आली आणि म्हणाली, बाराही मीच घासले, यांना कुणालाच ठाऊक नव्हतं. “ठाऊक सगळ्यांना होतं,” मादाम कालाम म्हणाल्या. “पहारा आम्हीच करायचो. तिला सांग, मी मान खाली घातली होती. चोपन्न वर्षं झाली. मला नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन केला नाही.” हे कारण खरं आहे असं त्यांनाही वाटत नसावं.

ताई, मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आबांनी सांगितलं, की उगेतची छाती नाजूक आहे, तिला सरोवराची हवा हवी, म्हणून मावशीकडे लोझानला पाठवतोय. मी ते आजपर्यंत खरं मानलं. तुझी छाती नाजूक कशी हे मी कधी विचारलं नाही, कारण मला तुझी खोली मिळाली होती. त्याच खोलीत आता माझी घड्याळं असतात. मी बारा वर्षं त्या कारखान्याच्या नोंदवह्या उकरतोय, तीन गावांतल्या दप्तरखान्यांत धूळ खाल्ली, मेलेल्या संचालकांच्या पुतण्यांना पत्रं लिहिली, आणि जिला दर नाताळला भेटतो, जिच्या हातची टार्ट खातो, तिला एका शब्दाने विचारलं नाही. आणि तू त्या तोफांची सेहेचाळीस पानं वाचून छपाई सुबक आहे म्हणालीस. मी तुझ्या जागी असतो तर हसून हसून पडलो असतो. तू हसलीस का? हसली असशील तर मला बरं वाटेल.

आता मंडळाची स्थिती अशी, की अध्यक्षांचं न चालणारं घड्याळ काचेच्या पेटीत मध्यभागी आहे, खाली पितळी पाटी आहे आणि ते पाहायला झुरिकहून माणसं येतात. माझं घड्याळ टेबलाच्या कोपऱ्यात. “पेरनूसाहेब, आपलं छान चालतं, नाही?” एवढंच अध्यक्ष म्हणतात, पण रोज म्हणतात. मी तीन दिवस तुझ्या जुन्या खोलीत गुडघ्यांवर रांगत, फरशीच्या फटीफटीतून लोहचुंबक फिरवत ते चाक शोधलं. तिसऱ्या दिवशी क्लॅरेत दारात येऊन म्हणाली, “चाक पितळेचं होतं ना?” तेव्हापासून मी शोधत नाही.

असो. इकडे हवा थंड आहे, डोंगरावर पहिला बर्फ पडून गेला. भाऊजींना नमस्कार. नाताळला तुम्ही दोघांनी यावं ही विनंती, आणि हीच एक विनंती.

तुझा लहान भाऊ,
न्यूमा

ता. क. सोबत एक छोटं पार्सल आहे. त्यात घड्याळ, एफ्राइम साँदोची सर्वांत बारीक कानस आणि भिंग ठेवलं आहे. मिनिटांच्या चाकाचा तिसरा दात. तुला सांगायला नको.

ता. क. दोन. हे मी आधी मंडळापुढे मांडलं. अध्यक्षांचं म्हणणं, आज घासलेला दात म्हणजे निव्वळ बनावट. आमचे नोटरी म्हणाले, हात तोच असेल तर ती मूळ कारागिराने केलेली दुरुस्ती ठरते आणि घड्याळ शंभर टक्के अस्सल. तीन मतं इकडे, तीन तिकडे, सातवे सभासद झोपले होते. त्यांना उठवल्यावर ते म्हणाले, आधी बाईला विचारा. बारा वर्षांत मंडळात कुणी बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

ता. क. तीन. मादाम कालाम गुरुवारी दुपारी घरी असतात. पत्र लिही, फोन नको. मी वाचून दाखवीन, मोठ्याने.

ता. क. चार. पाकीट बंद करून पुन्हा उघडलं. आज सकाळी पार्सल बांधण्याआधी घड्याळ शेवटचं तपासावं म्हणून मी कळ दाबली. ते हातात घेऊन घरभर चालत होतो आणि काटा लाल रेघेवर जाताना नेमका संडासाच्या दारासमोर पोचलो. दार उघडलं. क्लॅरेत बाहेर येत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, चारवरच्या काट्याकडे पाहिलं. व्याख्यानाला ती पहिल्या रांगेत होती, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. मला मात्र अजून समजावता आलेलं नाही. दुपार झाली, ती बोलत नाही. मंडळ, अध्यक्ष, अस्सलपणा, सगळं गेलं खड्ड्यात. ताई, घास. आणि परतीच्या टपालाने पाठव. मला ते तिच्या देखत तीनवर थांबवून दाखवायचंय.